उलट्या पायाचे मानकरी

"काका, तुम्ही बसा. चहा मी आणतो," गिलावाभाऊ म्हणाला, आणि साखरकाकांच्या मनात पाल चुकचुकली.

गिलावाभाऊ म्हणजे कृत्रिम पायांच्या त्या कारखान्यात साचे घेणारा माणूस. उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि वाळल्या की साचा उतरवायचा, हे त्याचं काम. म्हणून गिलावा. वीस वर्षांत त्याने कुणाला पाण्याचा पेला भरून दिल्याचं ऐकिवात नव्हतं. तो सोमवारी सकाळी कपबशी घेऊन येतो आणि बशीत वर दोन बिस्किटं ठेवतो, म्हणजे कुठेतरी काहीतरी नक्की बिनसलं होतं.

"काय रे, घरी कुणी आजारी आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही हो. सहजच."

"सहज तर तू शिंकतही नाहीस."

एरवी यावर गिलावाभाऊने काकांना सव्वाशेर ऐकवलं असतं. आज तो नुसता हसला आणि "तुम्ही पण ना, काका" म्हणून आपल्या प्लास्टरच्या टपाकडे निघून गेला. काकांनी घोट घेतला. साखर दोन चमचे होती, अगदी त्यांना लागते तेवढीच. हे तर फारच वाईट लक्षण होतं.

साखरकाका हे नावही सरळ पडलेलं नव्हतं. तरुणपणी त्यांना खडीसाखर म्हणत. जिभेवर गोड, पण चावायला जाल तर दाढ हलेल. केस पिकले तसे त्याचे साखरकाका झाले. या माणसाच्या तोंडातून शिवी कधी आली नाही आणि सरळ शाबासकीही कधी आली नाही. कुणी पट्टा तिरका शिवला की काका तो उजेडात धरत आणि म्हणत, "वा! सरळ पट्टे काय, कुणीही शिवतं." कुणी उशिरा आलं की उठून त्याला स्वतःची खुर्ची देत. शालजोडीतले द्यावेत तर काकांनीच. घेणारा आधी सगळ्यांबरोबर हसायचा, मग घरी जाताना वाटेत त्याला झोंबायचं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा सरळ यायचा.

पण त्यांचे काही कडक कायदे होते बरं का! पाय लावून घ्यायला येणाऱ्या माणसाची थट्टा करायची नाही. त्याने स्वतःची केली तर हसायचं, पण त्यात आपली भर घालायची नाही. पाठीमागे बोलायचं नाही. आणि ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही. "दुबळ्याची करतात ती टिंगल," काका म्हणत. "थट्टा बरोबरीच्याची करावी. नाहीतर तोंड मिटून काम करावं."

सगळ्यात मोठा कायदा उलट्या पायाचा. कारखान्याच्या पहिल्याच वर्षी कुणा महाभागाने उजव्या पायाला डावं पाऊल बसवलं होतं. तो पाय टाकून न देता जपून ठेवला गेला. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, चहाच्या सुट्टीत, महिन्यातली सगळ्यात मोठी चूक ज्याची, त्याचा जाहीर सत्कार व्हायचा. खांद्यावर प्लास्टरच्या पट्टीचा पट्टा, सगळ्यांच्या टाळ्या, काकांच्या तोंडून मानपत्र, आणि मग तो पाय महिनाभर त्या मानकऱ्याच्या टेबलावर. साहेबांच्या टेबलावरसुद्धा तो राहून आला होता. त्यांनी एकदा चुकून लहान मुलांच्या मापाची तीनशे पावलं मागवली होती तेव्हा. फक्त एका टेबलावर तो छत्तीस वर्षांत कधी आला नव्हता. ते टेबल काकांचं. याचा काकांना भारी गर्व होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

आता पुढच्या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते.

सोमवार असा गोडीगुलाबीत गेला. मंगळवारी पट्टे शिवणाऱ्या माणसाने, "काका, तुमचा हात म्हणजे हात आहे," असं काही कारण नसताना म्हटलं. काकांनी त्याला नखशिखांत पाहून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. दुपारी साहेब स्वतः टेबलाशी आले.

"काका, आता जोडणीचं काम नवीला करू द्या. तुम्ही आपली देखरेख करा. पुष्कळ केलंत आयुष्यभर."

"देखरेख म्हणजे काय करायचं असतं, साहेब? तुम्ही करता तेच ना? मला जमेल का एवढं?"

साहेब यावरही हसले. मायेने खांद्यावर थोपटून गेले. काका पान्हा हातात धरून तसेच उभे राहिले.

नवी म्हणजे जोडणी विभागातली बाई. नवी येऊन नऊ वर्षं झाली होती, तिच्यानंतर चारजण आले आणि गेले होते, पण नाव पडलं ते पडलं. पहिल्या महिन्यात तिने एक गुडघा मागची बाजू पुढे करून बसवला. त्या शनिवारी काकांनी तिचं मानपत्र वाचलं होतं. "या बाईंनी असा पाय बनवला आहे की माणूस पुढे बघत मागे जाईल. अशी माणसं कचेऱ्यांमध्ये पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे तयार होण्याची ही पहिलीच वेळ." सगळे पोट धरून हसले. ती हसली नाही. सुट्टी संपल्यावर ती सामानाच्या खोलीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काकांनी ते पाहिलं. संध्याकाळी तिच्या टेबलावर लाल दोऱ्याचं एक रीळ ठेवलं. "उजवा साचा आला की आधी त्याला हा बांधायचा. मग पुढचं काम. मी पण असंच करतो," एवढं सांगून घरी गेले. तेव्हापासून कारखान्यातल्या प्रत्येक उजव्या साच्याला लाल दोरा असायचा.

बुधवारी टपालवाला आला. पत्रं वाटता वाटता गाडीखाली सापडून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. तो पट्टा सैल करून घ्यायला आला होता. माणूस मोठा मोकळा. बाकावर बसल्या बसल्या सुरू झाला.

"काका, शनिवारची गंमत तुम्हाला कळली की नाही? तुमची सुट्टी होती ना? अहो, मला पाय लावला, उभं केलं, मी खाली बघतो तर दोन्ही अंगठे एकाच बाजूला! दोन डावी पावलं! मी म्हटलं, चला, आता पत्रं चुकीच्या घरात पडली तर दोष माझा नाही."

काका खळखळून हसले. टपालवाल्यानेच केलेली थट्टा होती, हसायला हरकत नव्हती.

"कुणी केला हा पराक्रम?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"ते कुठे कुणी सांगतंय? सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मग त्या बाईंनी संध्याकाळपर्यंत थांबून बदलून दिलं. तेव्हा हे साहेब पण उभे होते."

काकांचं हसू हळूहळू विरलं. टपालवाल्याचा पाय. सात नंबर. शुक्रवारी दुपारी. त्यांनी पट्टा सैल करून दिला, माणसाला चार पावलं चालवून पाहिलं, दारापर्यंत पोचवलं, आणि मग सरळ साच्यांच्या मांडणीकडे गेले. सात नंबरचा साचा तिथेच होता. कार्डावर अक्षर त्यांचं. साच्याला लाल दोरा नव्हता.

छत्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं, आणि तेही शिकाऊ माणसाची चूक! पण खरं सांगायचं तर त्या चुकीपेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीने जास्त लागलं. चहा, बिस्किटं, दोन चमचे साखर. तुमचा हात म्हणजे हात आहे.

ते नवीच्या टेबलाशी गेले. "शनिवारी थांबली होतीस म्हणे."

"हो. जरा घट्ट होत होतं त्यांना," ती मान खाली घालून कानस घासता घासता म्हणाली.

"घट्ट?"

"हो काका."

अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. काका आपल्या टेबलाशी परत आले आणि दिवसभर त्यांनी स्वच्छ हत्यारं पुन्हा स्वच्छ केली.

घरी बायको वाटाणे सोलत होती. या घरात काकांची मात्रा चालत नसे, कारण बायको त्यांच्याही वरताण होती. खरं तर अर्धी विद्या त्यांनी तिच्याकडूनच उचललेली होती. ते समोर बसले आणि एक शेंग हातात घेऊन सगळं सांगून मोकळे झाले.

"अरे वा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हीसुद्धा चुकता. शेजारणीला सांगू का? तिला फार आनंद होईल."

"अगं, चुकीचं नाही मला काही. कुणी एक अक्षर बोलत नाही. मला तळहातावरच्या फोडासारखं जपतायत. माझं कामही काढून घेतलं."

"मग? लोक चांगलं वागतायत त्याचा त्रास होतोय तुम्हाला?"

"हो, होतोय!" काका जवळजवळ ओरडलेच. "मी काय कुणी म्हातारा, आजारी माणूस आहे?"

बायकोने एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "माणूस गेला की सगळे चांगलंच बोलतात. तुमच्या बाबतीत जरा घाई झाली म्हणायची."

काकांनी हातातली शेंग न सोलताच परत ढिगात टाकली. तिने थोड्या वेळाने हातातलं काम ठेवलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उद्या स्वतःच सांगून टाका ना. करा स्वतःची चेष्टा. तुम्हाला काय अवघड आहे?"

"तसं चालत नाही. आपणच आपली केली की तिला नम्रता म्हणतात. लोक आणखी हळहळतील. ती दुसऱ्याने करावी लागते."

"मग तसा कुणीतरी बघा," बायको म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली.

शनिवार महिन्याचा शेवटचा होता. चहाच्या सुट्टीत सगळे लांब टेबलाभोवती जमले. मानकरी आधीच ठरला होता: गिलावाभाऊ. त्याने प्लास्टरच्या पोत्यावर पाणी सांडलं होतं आणि पोतं धोंड्यासारखं घट्ट झालं होतं. चूक तशी किरकोळ. पण महिन्यात दुसरी झालीच नाही, असं सगळ्यांचं चेहरे फार गंभीर ठेवून म्हणणं होतं. गिलावाभाऊच्या खांद्यावर पट्टी चढली. उलटा पाय टेबलाच्या मधोमध उभा राहिला. काका मानपत्रासाठी उठले.

"सज्जनहो, आणि गिलावाभाऊ," त्यांनी सुरुवात केली. ही त्यांची नेहमीची सुरुवात, आणि तिला नेहमीचं हसू मिळालं. "आज आपण अशा कलावंताचा सत्कार करतो आहोत, ज्याने एका पोत्यात..."

पुढचं वाक्य तयार होतं. चांगलं होतं. पण ते बाहेर येईना. काकांनी टेबलावरच्या त्या पायाकडे पाहिलं, त्याच्या चुकीच्या बाजूला असलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"हा सत्कार चुकीच्या माणसाचा होतोय," ते म्हणाले.

कुणाच्या तरी कपाचा आवाज झाला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "काका, असू द्या ना. बसा तुम्ही. अशा गोष्टी होतात वयोमानाप्रमाणे..."

वयोमानाप्रमाणे! काका उभेच राहिले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. पट्टे शिवणाऱ्याने मान खाली घातली. गिलावाभाऊ पट्टीचं टोक चाळवत राहिला. कुणीतरी बोला रे, त्यांच्या मनात येत होतं, काहीही बोला, पण त्या मायेच्या नजरेने बघू नका. आणि कुणी बोलेना. आणखी घटकाभर हे असंच चाललं असतं तर काका टोपी उचलून घरी गेले असते आणि निवृत्तीच्या समारंभालाही आले नसते.

तेवढ्यात खुर्ची सरकली. नवी उठली होती. तिने गिलावाभाऊच्या खांद्यावरची पट्टी काढली, टेबलाला वळसा घालून आली आणि ती काकांच्या खांद्यावर घातली. मग घसा साफ केला.

"सज्जनहो," ती म्हणाली. "आणि काका."

कुणी हसलं नाही. साहेबांनी डोळे मोठे करून तिला खुणावलं. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"काकांनी छत्तीस वर्षं उजव्याला उजवं आणि डाव्याला डावं लावलं. त्याच त्या कामाचा माणसाला कंटाळा येणार नाही का हो? आपल्यासारख्या सामान्य माणसांना लाल दोरा लागतो. तो शोधला कुणी? काकांनी. आता ज्याने जिना बांधला तो काय कठडा धरून चढणार?"

गिलावाभाऊच्या नाकातून एक आवाज निघाला. त्याने तो खोकल्यात घातला.

"टपालवाल्याला दोन डावी पावलं दिली, यात काकांची केवढी दूरदृष्टी! तो आता दोन जोड बूट घेईल आणि उजवे दोन्ही म्हातारपणासाठी ठेवेल. आणि हा बिचारा," तिने उलट्या पायावर हात ठेवला, "इतकी वर्षं एकटा उभा होता. काकांनी त्याला सख्खा भाऊ दिला. तो आम्ही करंट्यांनी शनिवारी दुरुस्त करून टाकला. काका, क्षमा असावी."

आता गिलावाभाऊला खोकला पुरेना. तो मोठ्याने हसला, त्याच्यामागून पट्टे शिवणारा, आणि मग सगळेच. साहेबांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. नवी मात्र हसली नाही. ती थेट काकांकडे बघत होती.

"माझ्या पहिल्या सत्काराच्या दिवशी मी सामानाच्या खोलीत बसून तासभर रडले होते. काका, आज तुम्हाला ती खोली हवी असेल तर किल्ली माझ्याकडे आहे."

साहेबांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला. आणि मग काका हसले. असे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. आठवडाभर छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचललं होतं. ते पुन्हा त्या टेबलाभोवतीचे एक झाले होते, चुकणारे, हसं होणारे, उलटून बोलू शकणारे.

"भाषण जरा लांबलं," ते दम घेऊन म्हणाले. "बुटांचा विनोद मी गाळला असता."

"पुढच्या वेळी गाळते. तुम्ही चूक तेवढी करा," नवी म्हणाली.

सुट्टी संपल्यावर काकांनी उलटा पाय स्वतः उचलून आपल्या टेबलावर नेला. ओल्या फडक्याने पुसला, खिडकीशी सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मग नवीच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात विचारलं, "साहेबांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग माझी कीव आली म्हणून बोललीस?"

"कीव कसली?" ती म्हणाली. "नऊ वर्षं पाठ करत होते."

सोमवारी काकांनी साहेबांना सांगून जोडणीचं काम परत घेतलं, पण एका अटीवर, आणि ती अट त्यांनी स्वतःच घातली. डोळ्यांचा आणि डोक्याचा आता पूर्वीसारखा भरवसा नाही, हे त्यांनी साहेबांसमोर स्वच्छ कबूल केलं. प्रत्येक पायाला पाऊल बसवण्याआधी ते तो उचलून धरत, मोठ्याने विचारत, "उजवाच ना ग हा?" आणि नवी समोरच्या टेबलावरून एक नजर टाकून म्हणे, "नाही काका, मधला."

म्हणजे बरोबर आहे. काही चुकलं असतं तर ती उठून आली असती. एकदा आलीही, आणि न बोलता पाऊल बदलून गेली. पण एरवी दिवसातून पाच-सहा वेळा हे चालायचं. "डावाच ना ग?" "नाही काका, मधला." ऐकून ऐकून गिलावाभाऊ कंटाळला. काका कंटाळले नाहीत.

मग तो शेवटचा दिवस आला. दुपारी समारंभ झाला. साहेबांनी लिहून आणलेलं वाचलं. काका तळमळीचे, प्रेमळ, मृदुभाषी असल्याचं त्यात होतं. मृदुभाषीवर गिलावाभाऊला ठसका लागला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मिळालेलं घड्याळ कानाला लावून पाहिलं, आणि समारंभ आटपल्यावर अंगातला नवा कोट काढून पुन्हा कामाचा डगला चढवला. एक पाय राहिला होता. कुणा कपडे शिवणाऱ्या बाईचा, उजवा, साच्याला लाल दोरा बांधलेला.

त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"उजवाच ना ग हा?"

समोरून उत्तर आलं नाही. नवी हातातलं काम टाकून उठली, काकांच्या टेबलाशी आली. तिने तो पाय त्यांच्या हातातून घेतला, टेबलावरचं पाऊल पाहिलं, टाचेवरून बोट फिरवलं, कार्ड वाचलं. फार वेळ लावला. मग म्हणाली, "उजवाच आहे, काका. अगदी बरोबर आहे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"बघ," ते म्हणाले, "आता तूही चांगलं बोलायला लागलीस."

ती मान खाली घालून शेजारच्या साच्यावरच्या दोऱ्याची गाठ चाचपत राहिली. काकांनी तिच्या हातातून पाय परत घेतला, पाऊल बसवलं आणि पान्ह्याने बोल्ट आवळायला लागले.